बंगळुरातला दीड दिवस

माझा धाकटा भाऊ बंगळूरला नोकरीला होता. चार दिवसांच्या तापात तो गेला, सव्विसाव्या वर्षी. अण्णा, आई आणि मी औंढ्याहून निघालो तेव्हा तो दवाखान्यात बोलत होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या ऑफिसातली माणसं बाहेर उभी होती आणि आमच्याकडे कुणी बघत नव्हतं.

गावाकडं न्यायचं म्हणजे गाडीनं एक दिवस, एक रात्र. अण्णा म्हणाले, "इतक्या लांब त्याचे हाल काहून करायचे? इथंच करू." शाळेत क्लार्क म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, घरातले निर्णय तेच घ्यायचे. आई काहीच बोलली नाही. विद्युतदाहिनीत सगळं लवकर होतं. दुपारच्या आत अस्थी आमच्या हातात होत्या, झाकणाच्या तांब्याच्या कलशात, वर लाल कापड बांधलेलं. ऑफिसातल्या एका मुलीनं तो कलश कुठूनतरी आणला होता. नांदेडच्या विमानाची तिकिटं तिनंच काढली, दुसऱ्या दिवशी दुपारची. भाऊ दोन मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचा. ते घरी चला म्हणाले, पण आई त्या इमारतीच्या फाटकातूनच मागं फिरली. म्हणून त्या मुलीनं आम्हाला हॉटेलात खोली घेऊन दिली.

हॉटेलच्या पायऱ्यांशी अण्णा थांबले. कलश कापडी पिशवीत होता, पिशवी त्यांच्या हातात.

"ही आत न्यायची न्हाई," आई म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलत होती.

बरोबर होतं. आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत, विसर्जन होईपर्यंत बाहेर झाडाला बांधून ठेवतात. पण हे हॉटेल होतं. काचेचं दार आपोआप उघडत होतं, मिटत होतं. काउंटरवरचा माणूस आमची आधार कार्डं मागत होता. मी आत जाऊन सही केली, किल्लीची दोन कार्डं घेतली आणि बाहेर येऊन पुन्हा त्यांच्याशेजारी उभी राहिले. पुढं काय करायचं ते मला सुचत नव्हतं आणि सुचत नाही याचं काही वाटतही नव्हतं.

फाटकावर एक वयस्कर वॉचमन होता. पांढरी दाढी, निळा गणवेश. तो आपणहून जवळ आला. "क्या हुआ चाचा? अंदर नक्को क्या?"

अण्णांनी मान वर केली. सकाळपासून इथल्या लोकांशी मोडक्या हिंदीत बोलून ते थकले होते. हे बोलणं मात्र त्यांच्या कानाला ओळखीचं लागलं असावं. औंढ्यात, वसमतच्या बाजारात त्यांचे निम्मे दोस्त असंच बोलतात.

"लडके की अस्थी है," अण्णा म्हणाले. "घर में नहीं लेते हमारे में. झाड को बांधते."

"कां के हैं आप लोगां?"

"नांदेड की बाजू के. मराठवाडा."

"निजाम का इलाखा बोलो ना. आओ."

इमारतीच्या मागं गाड्या लावायची जागा होती आणि भिंतीला लागून एक करंज. मी शिकवते त्या शाळेच्या आवारात आहे तसाच. वॉचमननं एका जाड फांदीवरची धूळ हातानं झटकली. अण्णांनी पिशवी बांधली, दोनदा गाठ मारली, ओढून पाहिली. वॉचमननं आपली प्लास्टिकची खुर्ची आणून झाडाखाली ठेवली आणि तो फाटकाकडं गेला.

अण्णा त्या खुर्चीवर बसले ते संध्याकाळपर्यंत.

मी आईला खोलीत नेलं. पांढऱ्या चादरी, दोन पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर टीव्ही. कार्ड खाचेत घातल्यावर दिवे लागले, तशी आई दचकली. ती पलंगावर बसलीच नाही. खाली फरशीवर, भिंतीला टेकून बसली. मी तिला अंघोळ घातली. गरम पाणी येईना, मग एकदम फार गरम आलं. तिच्या पाठीवर लाल डाग उठला, तरी ती सरकली नाही.

"आई, भाजलं का?"

"न्हाई."

भावाच्या दोन बॅगा मित्रांनी भरून आणून दिल्या होत्या. मी त्या उघडल्या आणि सगळ्या शर्टांच्या परत घड्या घातल्या, कारण त्या पोरांनी ते कोंबले होते. घडी घालताना माझ्या मनात फक्त घडीच होती. बाही आत, कॉलर वर. आपण रडत नाही हे माझ्या लक्षात आलं. बघू, नंतर येईल, असं मी स्वतःला म्हटलं, जसं बसची वाट बघताना म्हणतात.

अंधार पडायच्या सुमारास मी अण्णांना बोलवायला गेले. वॉचमन त्यांच्याजवळ उभा होता.

"जाओ चाचा, खा के सोओ. मैं हूं इधर. मेरी ड्यूटी सुबह तक है."

अण्णा उठले. त्यांनी वॉचमनचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला. वर येऊन ते झोपले. मीही झोपले. तिघांनाही गाढ झोप लागली, ही गोष्ट नंतर आम्ही कुणाला सांगितली नाही.

सकाळी नाश्ता खाली होता. आईनं चार इडल्या खाल्ल्या. चौथी संपल्यावर तिनं ताटलीकडं पाहिलं आणि ती लांब सारली.

"भूक लागली व्हती," ती म्हणाली, जणू कुणी तिला जाब विचारला होता.

"खा की," अण्णा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या ताटलीतली एक तिच्या ताटलीत ठेवली. तिनं ती तशीच राहू दिली.

विमानतळावर बॅगा मशीनमधून गेल्या. गणवेशातल्या माणसानं पिशवी बाजूला काढली. "इसमें क्या है?"

मृत्यूचा दाखला, दहनाची पावती, सगळे कागद अण्णांच्या खिशात होते. त्यांनी ते काढले, पण हातातच धरून ठेवले. आई पुढं झाली.

"लडका है," ती म्हणाली. "मेरा."

त्यानं कागद वाचले. मग पिशवी दोन्ही हातांनी उचलून तिच्याकडं दिली.

विमानात आम्ही तिघंही पहिल्यांदाच बसत होतो. पिशवी मांडीवर ठेवता येणार नाही, असं हवाईसुंदरीनं सांगितलं. पायाशी ठेवायला आई तयार होईना. शेवटी ती वरच्या कप्प्यात ठेवली. खिडकी मला मिळाली होती. आई सगळा प्रवास मान वर करून त्या कप्प्याच्या झाकणाकडं बघत राहिली आणि मी तिच्याकडं.

नांदेडला काका गाडी घेऊन आले होते. सरळ गोदावरीच्या घाटावर जायचं त्यांनी ठरवलं होतं. गुरुजींना सांगून ठेवलं होतं.

"न्हाई," आई म्हणाली. "आधी गावाला."

"वहिनी, नदी इथंच हाय. उद्या परत यायची तकलीफ कशाला?"

"तिथं ते बोलले, मी ऐकलं. त्यानं दिवाळीला येतो म्हनलं व्हतं. एक रात तरी त्याला गावात राहू द्या."

काकांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा गाडीचं दार धरून उभे होते. मग म्हणाले, "माझंच चुकलं. ती म्हनती तसं करू." इतक्या वर्षांत ते असं बोललेले मी ऐकलं नव्हतं. आईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, पण गाडीत ती त्यांच्याशेजारी बसली.

त्या रात्री पिशवी आमच्या शेतातल्या बांधावरच्या लिंबाला होती. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा नांदेडला गेलो आणि अण्णांनी विसर्जन केलं.

चौदाव्या दिवसानंतर मी शाळेत रुजू झाले. मी साखऱ्याच्या बाजूला एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोरांना घरून ताकीद दिलेली असावी, कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पहिल्या बाकावरच्या एका मुलीला राहवलं नाही.

"बाई, तुमी इमानात बसलात म्हनं. वरून कसं दिसतंय?"

मी खडू ठेवला आणि सांगायला लागले. पट्टा कसा बांधतात, कानांना दडे कसे बसतात, ढग खाली कसे राहतात, शेतं वाकळेच्या ठिगळांसारखी कशी दिसतात. आपलं गाव दिसलं का, त्यांनी विचारलं. व्हय, दिसलं, मी म्हटलं. शाळाही दिसली. पोरं एकमेकांकडं बघून हसली.

मी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नव्हतं. तरी तास संपेपर्यंत मी सांगत राहिले.