बिनरेघेचा भ

आता हा घोटाळा सांगतो, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. सांडला तर मी जबाबदार नाही.

फ्लेक्स नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. मंचरला माझं डीटीपीचं दुकान होतं आणि डोक्यात एकच वेड, स्वतःचा फॉन्ट! इंग्रजी जाहिरातींतली ती ठसठशीत अक्षरं आठवतात ना? गोल म्हणजे कंपासने काढलेला गोल, रेघ म्हणजे पट्टीने मारलेली रेघ, जाडी सगळीकडं सारखी. कुठं नखरा नाही. म्हटलं, मराठीत असं का नको? बसलो. अक्षरांवरची आडवी रेघसुद्धा उडवली. नाव ठेवलं 'पैलवान'. इतका खूष होतो की जेवताना बायकोला आमटीत बोट बुडवून ताटात 'ठ' काढून दाखवायचो.

तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या गावचे भाऊ दुकानात आले. सहा फुटी गडी, मिशा अशा की शर्यतीच्या घाटात पळणाऱ्या बैलांनीही वाट द्यावी. या वेळी उभे होते.

"लांबून दिसलं पायजे," भाऊ म्हणाले.

"भाऊ, नारायणगावावरनं वाचता येईल."

वर भाऊंचा फोटो, खाली माझ्या पैलवानात: गावाचा ढाण्या वाघ, भाऊ.

सकाळी एसटी थांब्यावर फ्लेक्स चढला. मी समोरच्या हॉटेलात बसून लोकांची तोंडं बघत होतो. लोक थांबत होते, वाचत होते, हसत होते. मला वाटलं, कौतुक चाललंय.

बाकावरच्या म्हाताऱ्यानं मोठ्यानं वाचलं, "गावाचा ढाण्या वाघ, माऊ."

"बाबा, भाऊ आहे ते."

"फोटू भाऊचाच हाये रं. पन लिवलंय माऊ."

मी वर बघितलं, आणि खरंच माऊ, राव. भ आणि म यांत फरक तो काय? वरची तुटकी रेघ आणि भच्या डोक्याची वळलेली शेंडी. रेघ मी उडवली होती. शेंडी नखरा म्हणून कापली होती.

दुपारपर्यंत भाऊंच्या जीपमागं पोरं म्याव म्याव करत धावायला लागली. संध्याकाळी भाऊ दुकानात. मी आधुनिक अक्षररचना समजावायला लागलो.

"ऱ्हाऊ दे तुजी रचना," भाऊ म्हणाले. "मावशीचा फोन आलता. इचारती, तुला मांजर निशानी मिळाली का?"

"आत्ताच्या आत्ता उतरवतो, भाऊ."

"नगं उतरवू. आज गावात दुसऱ्या कुनाचं नावच निघालं न्हाई."

आणि भाऊ खरंच निवडून आले!

आता निवडून आलेल्या माणसाला तोंडावर माऊ कोण म्हणणार? पण एवढं चांगलं नाव वाया कसं घालवायचं? ते मला चिकटलं. दिवाळीला सासुरवाडीला, निमगाव साव्याला गेलो. दारातच सासऱ्यांनी आत हाक दिली, "अगं, माऊ पावनं आलं."

आतून सासूबाई म्हणाल्या, "च्या टाकू, का दूध देऊ?"