माठातलं पाणी

नळाला ब्लीचिंगचा वास आला की मला धारूरच्या घाटाखालची आमची शाळा आठवते. दुष्काळाचं साल होतं. टँकर यायचा, गावच्या कोरड्या विहिरीत ते उग्र वासाचं पाणी सोडायचा आणि सगळं गाव पोहरे घेऊन काठावर तुटून पडायचं. त्या रेटारेटीत आमच्या वर्गातली एक मुलगी आत पडली आणि गेली. तिचे आईबाप तेव्हा लांब कारखान्याला ऊस तोडायला गेलेले. गुरुजी रजेवर होते, म्हणून त्यांच्या जागी कोकणातल्या एक बाई आल्या. वर्गातल्या माठाला कुणीच हात लावत नाही, हे त्यांनी पाहिलं. "तहान नाही लागत रे तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "बाई, आमच्या वर्गातली पोरगी बुडाली, ह्ये त्याच हिरीचं पाणी हाय," कुणीतरी म्हणालं. बाईंनी पेला भरला, ओठांपर्यंत नेला आणि तशाच खाली बसून रडायला लागल्या. तेव्हा गेलेल्या मुलीच्या शेजारी बसणारी तिची मैत्रीण उठली. "प्या बाई," ती म्हणाली, "दुसरं पाणीच न्हाई." बाई प्यायल्या, मग आम्ही सगळे एकेक करून प्यायलो. आज माझ्या लेकीनं "वास येतोय" म्हणत भरलेला पेला मोरीत ओतला, आणि मी तोच पेला पुन्हा नळाखाली भरून प्यायलो.