सासूबाईंनी ढवळलेलं यीस्ट

जर्मनीत ब्राउनश्वाइगला आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मेकॅनिक राहायचे. केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, ते स्वतःची बिअर बनवत. एका रविवारी त्यांनी मला पहिल्यांदाच मदतीला घेतलं. जवाचं पाणी उकळून गार करायचं काम त्यांचं आणि सुकं यीस्ट वर आमच्या स्वयंपाकघरात जागं करायचं माझं. उकळून कोमट झालेल्या पाण्यावर दाणे भुरभुरायचे, झाकायचं आणि हात लावायचा नाही. वाडगासुद्धा त्यांनी माझ्याकडून दोनदा उकळून घेतला. पाकीट एकच होतं, आणि रविवारी सगळी दुकानं बंद. यीस्ट बिघडलं तर बादलीभर बिअर गटारात जाणार होती.

भुरभुरण्याचा सोहळा आटोपून मी ऐटीत अंघोळीला गेलो. बाहेर येतो तर पुण्याहून आलेल्या सासूबाई चार बोटं वाडग्यात घालून तल्लीनपणे ढवळतायत.

"अहो आई, हे काय?"

"नुसतं झाकून कधी काही फुगतं का जावईबापू? इडलीच्या पिठालाही हाताची ऊब लागते."

आणि फेस खरंच येत होता! हातामुळे, की हात असूनही? यीस्ट जगलं होतं, की शेवटचे आचके देत होतं? मला काही उमगेना. वाडगा घेऊन मी जिन्यात उभा राहिलो, मग केलरमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. शेजाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. सासूबाईंनी हात धुतले होते का, एवढंच त्यांनी विचारलं. मी पुन्हा वर.

सासूबाई ताठ झाल्या. "अंघोळ, पूजा करून मगच शिवलेय म्हणावं. त्यांची झालीय का अंघोळ?"

खाली येऊन मी पहिल्या वाक्याचं भाषांतर केलं. शेजाऱ्यांनी वाडगा हुंगला, छताकडे बघितलं, पुन्हा हुंगला आणि डोळे मिटून बादलीत ओतला.

काही आठवड्यांनी पहिली बाटली उघडली तेव्हा सासूबाई पुण्याला परतल्या होत्या. शेजाऱ्यांनी घोट घेतला. "आंबट आहे," ते म्हणाले आणि ग्लास पुन्हा भरला. तोही संपवला. मग अगदी गंभीरपणे विचारलं, की तुमच्या सासूबाई परत कधी येणार.

तक्रार करायची होती की ढवळून घ्यायचं होतं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.