हललं कोण?

जुना कॅमेरा घरीच दुरुस्त करायचा होता. खोलण्याआधी शटर तपासावं म्हणून मागचं झाकण उघडून मी तो खिडकीकडे धरला आणि एकाच वेगावर कळ पुन्हापुन्हा दाबली. कधी उजेड डोळा मिचकावल्यासारखा आला, कधी शटर चक्क उघडंच राहिलं. इतका वेळ उघडं राहिलं, तर नुसता श्वास घेणारा माणूसही पुसट येणार.

मी हादरलो. फोटो काढणं हा आमच्याकडे राष्ट्रगीताइतका गंभीर प्रसंग असे. बाबा कॅमेरा स्टँडवर चढवत, आई श्वास रोखून उभी राहत असे. तरी तिच्या निम्म्या फोटोंत मागची भिंत स्वच्छ आणि ती पुसट. बाबांचा निकाल ठरलेला: "तू हललीस."

"बाबा, शटर अडकतंय."

"ते घेतल्यापासूनच अडकतं," बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

मटार सोलणारा आईचा हात थांबला. वस्तू महाग असली की चूक माणसाची ठरते, हे मला ठाऊक होतं. पण इतक्या शांतपणे?

"मग मला का बोलायचात?" आईने विचारलं.

"कॅमेऱ्याला बोलून काय उपयोग होता?"

आई माझ्याकडे वळली. "दुरुस्ती राहू दे. आधी रोल घाल आणि यांचा फोटो काढ. बघू, किती स्थिर बसतात."