घंटेवाल्याची किल्ली

टाळेबंदीत मी ऑस्ट्रेलियात, केलीव्हिलच्या एका एज्ड केअर होममध्ये शिफ्ट करत होते. शिकायला आले होते मार्केटिंग, पोटापाण्याला लागले ते म्हाताऱ्यांना आंघोळी घालण्यात. नशीब म्हणायचं आणि पुढे जायचं.

तिथे एक फ्रेंच आजी होती. सगळे तिला डिअर म्हणत, ते तिला मुळीच खपायचं नाही. मी मादाम म्हणायचे. बाहेरच्यांना भेटायला बंदी, म्हणून तिला बोलायला मीच. बोलणं एकच, तिच्या खेड्यातलं आठशे वर्षांचं चर्च. उंबऱ्याचा दगड पायांनी झिजून मध्ये खोलगट झालेला, पावसाचं पाणी साठलं की चिमण्या प्यायला यायच्या. भिंतीवरच्या चुन्याखाली जुनी चित्रं होती, त्यातल्या एका संताचं फक्त तोंड दिसायचं.

एका सकाळी तिने उशीखालून लोकरी मोजा काढला. त्यात किल्ली. लोखंडी, वीतभर लांब, उलथन्याएवढी जड. लग्न करून ऑस्ट्रेलियाला निघाली त्या पहाटे तिने ती घंटा वाजवणाऱ्याच्या खुंटीवरून काढून घेतली होती. चर्च एकदा एकटीने बघायचं होतं. किल्ली कोटाच्या खिशात राहिली ती बोटीवर सापडली. लाजेने तिने कळवलंच नाही. पुढे बहिणीच्या पत्रातून समजलं, किल्लीपायी त्या माणसाचं काम गेलं. गावाने त्याला चोर ठरवलं.

"त्याची मुलगी अजून आहे तिथे," मादाम म्हणाली. "तिला पाठव. सोबत चिठ्ठी आहे. मी मरायच्या आधी तिला कळू दे."

मी म्हटलं, उद्याच टाकते.

कशाचं काय. डबल शिफ्टा, आणि पोस्टाबाहेर दीड-दीड मीटरवर उभी रांग. ती बघितली की मी गाडी तशीच पुढे काढायचे. किल्ली पुढच्या कप्प्यात, प्रत्येक वळणावर खडखडायची. मादाम रोज विचारायची, "गेली का?" मी म्हणायचे, "गेली." असे तीन आठवडे.

मग तिला ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. पार्सल आता वेळेत पोचणं शक्य नव्हतं, निदान निरोप तरी द्यावा म्हणून खेड्याच्या कचेरीत फोन लावला. तिथली बाई तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, चर्चचं छप्पर खचलंय, आत कोणाला सोडत नाहीत, कुलूप तर कधीच बदललं.

"आणि घंटेवाल्याची मुलगी?"

"गेल्या मंगळवारी गेली. कोविड."

म्हणजे नुसता एक फोन पुरला असता. पहिल्याच दिवशी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

गाऊन, मास्क, शील्ड चढवून खोलीत गेले. मादामला ऑक्सिजन लावला होता.

"पोचली?"

"पोचली."

"काय म्हणाली ती?"

तोंडावर मास्क होता ते बरं. "म्हणाली, आता मनात काही ठेवू नकोस."

तिने ग्लव्हवरूनच माझा हात दाबला. "तू शब्द पाळलास," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी शिफ्टला पोचायच्या आधीच ती गेली होती.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे, त्याच मोज्यात. चिठ्ठी मी उघडली नाही. कचेरीचा पत्ता लिहिलेलं पाकीटही तयार आहे, कधीपासून. तिकडे तो माणूस अजून चोरच आहे, आणि आता तो माझ्यामुळे आहे.