वहिनी दाराच्या कुठल्या बाजूला होती

मी नणंद आहे, हे आधीच सांगून टाकते. नणंद वहिनीची बाजू घेऊन बोलायला लागली की लोकांना वाटतं, हिचं भावाशी काहीतरी बिनसलेलं दिसतंय. बिनसलंच आहे. पण ते पुढे येईल, आधी वहिनी.

वहिनी सुताराची लेक. आमच्या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने आमचं कुरकुरणारं कपाट दुरुस्त केलं, तेही लग्नाच्या बांगड्या हातात असताना. दादा तेव्हा नुकताच मिशनच्या कामाला लागला होता. लांब डोंगरापलीकडे एक छोटी ख्रिस्ती मंडळी होती, तिथे त्याला पाळक म्हणून पाठवलं. तो उपदेश करायचा आणि बाकी सगळं वहिनी करायची. बायकांना लिहायला शिकवायची, आजाऱ्यांना बघायची, देवळाचे बाक ठोकून द्यायची, आणि दादाच्या उपदेशात कुणाला डुलकी लागली की त्या माणसाच्या मागे जाऊन मुद्दाम खोकायची. "तुझ्या भावाला लोक जागे लागतात गं," मला म्हणायची. "देवाला तसे झोपलेलेही चालतात."

तिथेच टिटवी झाली. सारखी बोलते आणि सारखं विचारते म्हणून टिटवी. मग चार वर्षांनी धाकटा झाला, आणि दीड वर्षाचा होऊन गेला. तो कसा गेला, ते मला वहिनीने एकदाच सांगितलं. मी इथे तेवढंच सांगते.

त्या मिशनमध्ये बंद प्रार्थनेची रीत होती. महिन्यातून एक दिवस पाळक आणि दोन वडीलधारी माणसं पाळकाच्या घराला लागून असलेल्या प्रार्थनेच्या खोलीत बसायची. सकाळी आतून कडी लावायची, ती सूर्य मावळल्यावर काढायची. अन्न नाही, पाणी नाही आणि बाहेर काहीही झालं तरी दार उघडायचं नाही. कुणी दार वाजवलंच, तर ती आपली परीक्षा आहे असं समजायचं आणि आणखी मोठ्याने प्रार्थना करायची. मिशन ज्याने सुरू केलं त्या म्हाताऱ्याने म्हणे असंच केलं होतं. या रीतीचा त्या लोकांना कोण अभिमान. पाहुणे आले की आधी ती खोली दाखवायचे.

अशा एका दिवशी दुपारी धाकट्याला ताप चढला आणि आकडी आली. मिशनची जीप दारात उभी होती. वहिनीला जीप चालवता येत होती, तिनेच दादाला शिकवली होती. पण चावी दादाच्या खिशात आणि दादा कडीच्या आत. वहिनीने पोराला कडेवर घेतलं आणि दार वाजवलं. आधी बोटांनी, मग मुठीने, मग कोपराने. हाका मारल्या. आतली प्रार्थना वाढत गेली. शेवटी ती पोराला घेऊन उन्हात चालत निघाली. वाटेत एका बैलगाडीवाल्याने घेतलं, पण दवाखाना दिसायच्या आधीच सगळं संपलं होतं.

"दाराच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूने होत्या," वहिनी मला म्हणाली. "पेचकस स्वयंपाकघरात होता. सुताराची लेक मी. चार स्क्रू काढायचे होते फक्त. मला सुचलंच नाही गं."

म्हणजे दोष तिने स्वतःच्या पदरात घेतला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती अजून खाली उतरलेली नाही.

पुढे मिशनने दादाला परदेशी प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं. दोन वर्षं धर्मशिक्षणाचं कॉलेज, बायको-पोरीसकट, आणि मग मोठ्या कामावर रवानगी. योगायोगाने तेच शहर, जिथे मी आधीपासून इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होते. मला वाटलं, बरं झालं, वहिनीला जरा हवापालट होईल.

कसला हवापालट. विद्यार्थ्यांच्या कुटुंबांना एका लांबट इमारतीत दोन-दोन खोल्या दिल्या होत्या आणि मजल्यावर एकच स्वयंपाकघर, पाळीपाळीने वापरायचं. शेगडी पुसली नाही की दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना. नवरे सकाळी पुस्तकं घेऊन वर्गात, बायका बुधवारी बायकांच्या वर्गात. त्या वर्गात काय शिकवायचे, तर नवरा उपदेश करत असताना पहिल्या बाकावर कसं बसावं आणि चेहरा कसा ठेवावा. वहिनी मला तो चेहरा करून दाखवायची. मान जराशी कललेली, ओठ जरासे हसरे, डोळे नवऱ्यावर. "असं बसलं की डासही चावत नाही," म्हणायची. मी पोट धरून हसायचे. तेव्हा हसायला येत होतं.

त्यांचा तिघांचा फोटोही काढला होता, छोट्या पुठ्ठ्यावर छापलेला. तो मंडळ्यांमध्ये वाटायचा. लोक तो घरी नेऊन फ्रिजवर लावायचे, म्हणजे दूध काढताना आठवण होऊन प्रार्थना करतील. माझी वहिनी कुणाकुणाच्या फ्रिजवर मान कलती करून उभी आहे, देव जाणे.

आणि मग साक्ष. रविवारी प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या मंडळीपुढे उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. उपदेश शिकवणारे एक सर होते, ते ही साक्ष बसवून घ्यायचे. माणूस गोड, आवाज त्याहून गोड. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, कुठे बायकोकडे बघायचं, सगळं ठरवून द्यायचे. थांबण्यावर त्यांचा इतका जोर की मी त्यांना विरामसर म्हणायला लागले. दादाने त्यांना धाकट्याचं सांगितलं, आणि विरामसरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, हीच तुझी साक्ष.

पहिल्या रविवारी मी ऐकायला गेले. तिकडची भाषा मला चांगली येत होती, दादाला कामापुरती आणि वहिनीला जवळजवळ नाहीच. दादा पुढे उभा राहिला, वहिनी त्याच्या शेजारी. त्याने ताप सांगितला, आकडी सांगितली, डोंगरापलीकडचं गाव सांगितलं. मग थांबला, वहिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "आम्ही दोघं दार बंद करून गुडघ्यावर बसलो. बाहेर जग होतं, आत देव होता. आम्ही आमचं बाळ शांतपणे त्याच्या हाती दिलं."

आम्ही दोघं. आत. शांतपणे.

लोक रडत होते. वहिनीला एक अक्षर कळलं नव्हतं. ती बुधवारी शिकवलेला चेहरा करून उभी होती.

दादाला मी देवळाच्या मागच्या अंगणात गाठलं. म्हटलं, "काय रे, ती आत होती?"

तो म्हणाला, "सर म्हणाले, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. त्यांचं लक्ष देवावरून उडतं."

"आणि तुला काय वाटलं?"

"मी दर वेळी खरंच रडतो गं," तो म्हणाला. "खोटं असतं तर रडू आलं असतं का?"

एवढा शिकलेला माणूस, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणजे बोललो ते खरं, असा त्याचा हिशेब. मी वहिनीला सगळं सांगितलं. ती चादर घडी करत होती. घडी पूर्ण केली आणि म्हणाली, "सांगू दे. तसं सांगून त्याला झोप लागत असेल तर लागू दे. माझं कुठे काय जातंय? ज्यांना सांगतोय ते कुठे मला ओळखतात?"

माझा जीव तीळ तीळ तुटत होता, पण तिचं दुःख, तिची मर्जी. मी मूग गिळून गप्प बसले. प्रत्येक रविवारी नवी मंडळी, तीच साक्ष. विरामसर ती नव्या विद्यार्थ्यांना नमुना म्हणून ऐकवायचे. माझ्या भाच्याचा शेवटचा दिवस त्यांच्या वर्गात धडा झाला होता.

हे सगळं तसंच चालू राहिलं असतं. पण टिटवी तिकडच्या शाळेत जात होती, आणि पोरांना भाषा काय, खेळता खेळता येते. दुसऱ्या वर्षी तिला सगळं कळायला लागलं. एका दुपारी स्वयंपाकघरात आमची पाळी होती. वहिनी बटाटे सोलत होती, मी भांडी विसळत होते. टिटवी स्टुलावर बसून पाय हलवत होती. मध्येच म्हणाली, "आई, बाबा म्हणतात तू पण आत होतीस."

वहिनी बटाटा सोलतच राहिली.

"मग दार कोण वाजवत होतं? मी घरात होते. मला आठवतंय. खूप वेळ वाजत होतं. तू उघडलं का नाहीस?"

मी भांडं खाली ठेवलं. वहिनीच्या हातातला बटाटा तसाच अर्धा सोललेला. ती पोरीकडे बघत राहिली. तिच्या पोरीच्या डोक्यात आता असं चित्र होतं, की बाळ आजारी होतं, बाहेर कुणीतरी जिवाच्या आकांताने दार ठोठावत होतं आणि आई आत गुडघ्यावर बसून गप्प होती.

"सांगेन," वहिनी एवढंच म्हणाली. टिटवी गेल्यावर मला म्हणाली, "फ्रिजवर फोटो लावणाऱ्यांचं मला काही नाही. पण हिच्याजवळ मी खोटी राहणार नाही."

मी म्हटलं, "आत्ताच बोलव आणि सांग."

"नाही. त्याने जिथे सांगितलंय तिथेच सांगेन. घरात गुपचूप सांगितलं तर तिला वाटेल, बाबा चारचौघांत बोलतात ते खरं आणि आई कोपऱ्यात बोलते ती समजूत."

रवानगीची उपासना आली. कॉलेजचं मोठं सभागृह, फुलं, पियानो. प्रशिक्षण संपलेल्या कुटुंबांना या उपासनेत आशीर्वाद देऊन कामावर धाडायचं. दादाची साक्ष सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यात चांगली. या वेळी विरामसरांनी वहिनीलाही एक वाक्य दिलं होतं, तिकडच्या भाषेतलं, पाठ करून घेतलेलं. "माझी काही तक्रार नाही." दादाचं झालं की माईकपाशी यायचं, एवढं बोलायचं आणि मान खाली घालायची. मान किती खाली, तेही दाखवलं होतं.

दादाचं झालं. लोकांनी रुमाल काढले. वहिनी माईकपाशी गेली. टिटवी माझ्या शेजारी पहिल्या बाकावर होती. वहिनी तिच्याकडे बघून आपल्या भाषेत बोलली, "टिटवे, दार मी वाजवत होते. मी बाहेर होते, बाळ माझ्या कडेवर होतं."

सभागृहात आम्ही चौघं सोडून कुणाला ते कळलं नाही. आणि तुम्हाला सांगते, लोकांनी "आमेन" म्हटलं. विरामसर कौतुकाने मान हलवत होते. पाहुणी बाई गहिवरून आपल्या भाषेत बोलली, यावरही ते खूश. मला तर वाटलं, उठावं आणि त्या पियानोसकट सगळं उलथून टाकावं.

पण वहिनी जागची हलली नाही. तिने माईक जवळ ओढला आणि तिकडच्या भाषेतले जेवढे शब्द तिला येत होते, तेवढ्यांत, एक एक करून सांगितलं. "मी बाहेर. दार बंद. नवरा आत. गाडीची चावी आत. मुलगा माझ्या हातात. मी खूप वाजवलं." मग जरा थांबली. तिला कुणी थांबायला शिकवलं नव्हतं. ती शब्द शोधत होती. "माझी तक्रार आहे," ती म्हणाली.

आता कुणी आमेन म्हणेना. विरामसरांनी हाताने खूण केली आणि पियानो सुरू झाला. उपासना संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, "तुमच्या वहिनींना विश्रांतीची गरज आहे." मी म्हटलं, "तिला चावीची गरज होती." ते हसले. मी ज्यांना मनापासून शिव्या दिल्यात त्यांत हा माणूस पहिला आहे, आणि त्याने कधी आवाजही चढवला नव्हता.

त्या कुटुंबाची रवानगी काही दिवस पुढे ढकलण्यात येत आहे, असं कॉलेजने दुसऱ्या आठवड्यात कळवलं. बाहेर दार वाजत असताना आत बसून राहणारा पाळक त्यांना चालला होता. दार वाजवल्याचं सांगणारी पाळकीण चालली नाही.

पण मी सांगतेय ते त्याच दिवशीचं. सभागृहातून खोल्यांकडे आम्ही चालत निघालो. टिटवीने आईचा हात धरला होता, मी त्यांच्या बाजूने, आणि दादा चार पावलं मागे, उपासनेचा कोट अंगात तसाच. मग टिटवीने विचारलं, "आई, किती वेळ वाजवलंस?"

"हात सुजेपर्यंत."

"मग बाबांना ऐकू आलं नाही?"

मागची पावलं थांबली. आम्हीही थांबलो. दादा खाली बघत उभा होता. त्याचा उपदेशाचा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"ऐकू येत होतं," तो म्हणाला. "आईचा आवाज आहे, हेही ओळखलं होतं मी."

या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वहिनीने टिटवीचा हात आणखी घट्ट धरला आणि ती चालायला लागली. मी दादाला तिथल्या तिथे झोडपलं असतं, पण पोरगी बघत होती.