आबासाहेबांचा खलबत्ता

दोह्यातल्या एका तेल कंपनीत नकाशे काढणारे रंगनाथराव फावल्या वेळात बिन महमूद भागातल्या आपल्या फ्लॅटात होमिओपॅथी करत. फुकट करत, त्यामुळे पेशंट भरपूर होते. मग ऐंशी सालच्या गणपतीत नाटकाच्या नायकाचा घसा बसला, रंगनाथरावांनी गोळ्या दिल्या आणि उरलासुरला आवाजही गेला. नायकाने तीन अंक हातवाऱ्यांवर काढले. तेव्हापासून लोकांना रंगनाथरावांसमोर शिंकायचीही चोरी झाली.

औषधांची पेटी धूळ खाऊ लागली. रंगनाथराव वरून हसत, पण त्यांना ते फार लागलं होतं. ‘एकच पेशंट माझ्या हातून बरा होऊ दे, नाहीतर पेटी कुणाला तरी देऊन टाकतो,’ असं ते रोज देवापुढे म्हणत. देवाने सरडा पाठवला.

सरडा वरच्या मजल्यावरच्या श्यामचा, कुणा यमनी मित्राने दिलेला. हिरवागार, वीतभर, दोन डोळे दोन दिशांना फिरवून सगळ्यांची हजेरी घेणारा, म्हणून नाव आबासाहेब. अलीकडे त्यांच्या पायांतला जोर गेला होता. फांदीवरून घसरत. उंट आणि ससाणे तपासणाऱ्या डॉक्टरने ‘हाडं मऊ पडलीत, कॅल्शियम द्या’ म्हणून हात झटकले. फार्मसीवाल्याने बाळंतिणीच्या गोळ्या दिल्या. त्यातली एकेक आबासाहेबांच्या डोक्याएवढी. कुटून पुढे ठेवली तर ते ढुंकून बघेनात. हलत नाही ते अन्न नव्हे, असा त्यांचा बाणा. सगळे उपाय थकले तेव्हा श्याम रंगनाथरावांकडे आला.

“झोपतात कुठल्या कुशीवर?” रंगनाथरावांनी गंभीरपणे विचारलं.

“फांदी धरून झोपतो, काका.”

“गोड आवडतं की खारट?”

“नाकतोडे.”

“स्वभाव? राग चटकन येतो?”

“राग आला की काळा पडतो.”

“लहानपणी आईचं दूध किती महिने मिळालं?”

“काका, तो अंड्यातून आलाय.”

स्वयंपाकघरात सत्यभामाबाईंचं लाटणं थांबलं. त्या घरात अंड्याचं नावही कुणी काढत नसे. ऑफिसच्या पार्टीत केक खाऊन आलेल्या नवऱ्याला त्यांनी एकदा दारातच चूळ भरायला लावली होती.

रंगनाथरावांनी कॅल्केरिया फॉसची बाटली काढली. गोळ्या नाकतोड्यांना, नाकतोडे आबासाहेबांना, असं ठरलं. श्यामने टायसकट अल गराफातल्या एका व्हिलाच्या हिरवळीवर उड्या मारून बरणीभर नाकतोडे पकडून आणले, आणि दुखानच्या तेलविहिरींवर ड्युटी लागल्यामुळे पेशंटही इथेच सोडून गेला.

“आता मगर तेवढी आणायची राहिली,” सत्यभामाबाई म्हणाल्या. पण आबासाहेबांना त्यांनीच बाल्कनीतल्या उन्हात, कढीपत्त्याच्या कुंडीत बसवलं.

हळूहळू आबासाहेबांची पकड घट्ट होऊ लागली. रंगनाथराव ऑफिसात शीळ घालू लागले.

मग एका सकाळी चहासाठी आलं कुटायला त्यांनी खलबत्ता काढला. तळाला पांढरी भुकटी, आणि भुकटीत अंड्याच्या कवचाचा तुकडा. बाल्कनीच्या दाराशी जाऊन बघतात तो सत्यभामाबाई नाकाला पदर लावून, शंकरपाळ्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तशी नाकतोड्यांवर भुकटी भुरभुरत होत्या.

“खा बाबा,” त्या आबासाहेबांना सांगत होत्या. “ज्यातून आलास त्याचाच चुना आहे. खालच्या तय्यबाकडून मागून आणलाय. बरा हो, नाहीतर ह्यांची पेटी कायमची मिटेल.”

रंगनाथरावांचे आधी कान तापले, मग डोळे भरले. आपल्या गोळ्यांनी काही झालं नव्हतं, याचं वाईट वाटलंच. पण या बाईने आपल्यासाठी अंड्याचं कवच हाताने कुटलं, म्हटल्यावर सगळ्या कतारचा घसा बसला तरी त्यांची आता हरकत नव्हती. ते पाय न वाजवता मागे फिरले आणि दोघांसाठी बिनआल्याचा चहा केला.

श्याम परतला तेव्हा आबासाहेब कढीपत्त्याच्या शेंड्यावर होते. बातमी बिल्डिंगभर झाली. संध्याकाळी हॉलमध्ये कुणी गुडघा घेऊन आलं, कुणी पित्त घेऊन, आणि खुद्द तो नायकही बसलेला घसा घेऊन आला.

“काका, मानलं तुम्हाला,” श्याम म्हणाला. “आता या सगळ्यांनाही गोळ्या द्या.”

“मी सांगत नव्हते, ह्यांच्या हाताला गुण आहे म्हणून?” पोळीवरची नजर न उचलता सत्यभामाबाई आतून म्हणाल्या.

याच घटकेसाठी रंगनाथराव झुरले होते. पण खरं सांगावं तर बायकोचं मोडलेलं सोवळं चव्हाट्यावर येणार, आणि गप्प बसावं तर खोटा मान घशाखाली उतरेना. त्यांनी पेटी उघडली, थोडा वेळ पाहिली आणि मिटली.

“माणसं बंद केली मी,” ते म्हणाले. “यापुढे फक्त सरडे. खलास.”

मंडळी कुरकुरत गेली. रंगनाथरावांनी सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, आणलेला लहानसा पितळी खलबत्ता पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला.

“हा कशाला?”

“आबासाहेबांचा. तुझा मी चिंचेने घासून ठेवलाय.”

सत्यभामाबाईंनी गॅस बारीक केला.

“तरीच,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी चहात आलं नव्हतं.”